भीमाशंकरची घंटा आणि वेरोनाचे वैर

भीमाशंकराच्या देवळापुढे, शनीच्या लहानशा मंदिरासमोर, दोन दगडी खांबांच्या मधोमध एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. दर्शनाला आलेली मुले उड्या मारमारून ती वाजविण्याचा प्रयत्न करतात आणि वडीलधारी माणसे त्यांना उचलून धरतात. या घंटेचा घाट आपल्याकडच्या घंटांसारखा नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. तेथील गिरिजाघरांच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून देशावर आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवस्थानांना वाहिल्या. त्यांपैकीच ही एक. कोणा फिरंगी कारागिराने आपल्या देवासाठी ती ओतली असेल; आज ती आमच्या शंभूमहादेवापुढे वाजते, आणि तिचा नाद ऐकून हा परका आवाज आहे असे कोणाच्याही मनात येत नाही.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर ही घंटा तुमच्यापुढे का वाजवतो आहे, असे तुम्ही विचाराल. तिच्यासारखीच आणखी एक फिरंगी वस्तू आमच्या डोंगरात येऊन वाजली, आणि तिचा नाद माझ्या कानांतून अजून जात नाही, म्हणून. ती वस्तू म्हणजे शेक्सपिअरचे ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ हे नाटक.

मी घोड नदीच्या खोऱ्यातला एक साधा मास्तर. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे जे काही ते कादंबऱ्या वाचता वाचता आणि लिहिता लिहिता पदरात पडलेले. आषाढात आमच्याकडे पाऊस लागला की आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. धुके थेट वर्गात शिरते, फळ्यावरचा खडू ओला होतो आणि पत्र्यावर असा ताशा वाजतो की गणित शिकविणाऱ्याने गप्पच बसावे. अशा दिवशी मुले मला गोष्ट मागतात. एका आषाढात मी त्यांना वेरोना गावची ही गोष्ट सांगावयास घेतली. अभ्यासक्रमात ती नव्हती. परंतु चार दिवस पोरे जागची हलली नाहीत. त्या चार दिवसांनी मलाच त्या नाटकाचा विद्यार्थी करून सोडले.

गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. इटलीतील वेरोना शहरात माँटेग्यू आणि कॅप्युलेट ही दोन मातबर घराणी. दोघांत पिढीजात वैर. माँटेग्यूंचा रोमिओ आणि कॅप्युलेटांची ज्युलिएट एका मेजवानीत एकमेकांना पाहतात आणि दुसऱ्याच दिवशी एका साधूच्या मठीत गुपचूप लग्न लावून मोकळी होतात. त्याच दिवशी भर रस्त्यात तलवारी निघतात, रोमिओच्या हातून ज्युलिएटचा मामेभाऊ पडतो आणि रोमिओला हद्दपारी होते. इकडे बाप मुलीचे लग्न दुसऱ्याच एका सरदाराशी ठरवितो. साधू तिला एक औषध देतो. ते घेतल्यावर ती मेल्यासारखी दिसेल, तळघरातल्या थडग्यात ठेवली जाईल आणि रोमिओ येऊन तिला घेऊन जाईल, अशी योजना. तशी चिठ्ठीही रोमिओकडे रवाना होते. परंतु चिठ्ठी पोचतच नाही. रोमिओला कळते ते एवढेच, की ज्युलिएट मेली. तो येऊन तिच्याशेजारी विष घेतो. ती जागी होते, त्याला पाहते आणि त्याच्याच खंजिराने स्वतःला संपविते.

ही कथा शेक्सपिअरच्या पदरची नव्हे. लुइजी दा पोर्तो नावाच्या इटालियन शिपाईगड्याने सोळाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत ती लिहिली आणि वेरोना गाव व नायक-नायिकेची नावे तिला दिली. पुढे १५५४ मध्ये बांदेल्लोने ती पुन्हा सांगितली. तेथून ती फ्रेंच भाषेत गेली, आणि १५६२ मध्ये आर्थर ब्रुक नावाच्या इंग्रजाने तिच्यावर एक लांबलचक काव्य रचले. ते काव्य समोर ठेवून शेक्सपिअरने १५९५ च्या सुमारास नाटक लिहिले. ते प्रथम छापले गेले १५९७ साली. म्हणजे त्या काळी ही गोष्ट चार गावांचे पाणी पिऊन आलेली होती.

परंतु या कसबी माणसाने दोन गोष्टी बदलल्या. ब्रुकच्या काव्यात सारा प्रकार महिनेच्या महिने चालतो. शेक्सपिअरने तो रविवार ते गुरुवार अशा चार-पाच दिवसांत आणून बसविला. ब्रुकची ज्युलिएट सोळा वर्षांची. शेक्सपिअरची चौदाचीसुद्धा नाही. तिला चौदावे पुरे व्हायला पंधरवडा आणि वर काही दिवस उरले आहेत, असे तिची दाई सांगते. जुलैअखेरीस तिचा वाढदिवस. म्हणजे आपला आषाढ-श्रावण. ‘तिला चौदावे लागले होते’ असे मी सांगितले तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिले. त्या सगळ्या त्याच वयाच्या होत्या.

आता ही ज्युलिएट मराठीत कधी आली ते पाहू. आपल्याकडे शेक्सपिअर आला तो कॉलेजांतून. १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. १८८३ मध्ये आगरकरांचे ‘विकारविलसित’ म्हणजे ‘हॅम्लेट’ प्रसिद्ध झाले. १८९० मध्ये देवलांचा ‘झुंझारराव’ आला. या धामधुमीत, १८८२ साली, नारायण बापूजी कानिटकर यांनी रोमिओ-ज्युलिएटला मराठी वेष चढविला आणि नाटकाला नाव दिले ‘शशिकला आणि रत्नपाल’. नावे कशी छान, आपल्या कानांना गोड लागणारी! परंतु हॅम्लेट आणि झुंझारराव यांनी मराठी रंगभूमीवर जे राज्य केले ते काही शशिकलेच्या वाट्याला आले नाही.

असे का व्हावे? माझ्यापुरते उत्तर मला सापडले ते त्याच सालात. १८८२ सालीच अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले. जरा बारकाईने पाहा. तेथेही एक मुलगी, तिचे मन एकावर जडलेले. तेथेही घरचा कर्ता माणूस, बलरामदादा, तिचे लग्न दुर्योधनाशी ठरवून मोकळा झालेला. तेथेही एक संन्यासी आणि एक गुप्त योजना! कथेचे हाड तेच. फरक इतकाच, की तेथे सूत्रे श्रीकृष्णाच्या हाती आहेत. कृष्णाची चिठ्ठी कधी चुकत नाही. अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो, दादाचा राग लोण्यासारखा वितळतो आणि सगळे अक्षता टाकावयास उभे राहतात. प्रेक्षक डोळे पुसतो ते आनंदाने. ज्या घरांत मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत होती, त्या घरांतल्या माणसांना मनाजोगत्या वराची ही गोष्ट देवादिकांच्या नावाने ऐकावयाला आवडली. शशिकलेच्या नावाने ती ऐकणे त्यांना जड गेले असावे.

याहून मोठी गंमत पुढेच आहे. ज्या कानिटकरांनी ज्युलिएटला मराठी बोलावयास शिकविले, त्यांनीच चार वर्षांनी, १८८६ साली, ‘तरुणीशिक्षण नाटिका’ लिहिली. मुली शिकल्या म्हणजे कशा बिघडतात, हे त्यात रंगवून दाखविले आहे. ज्युलिएटचे दुःख समजण्याइतके मन त्या लेखकाला होते. शेजारच्या घरातली मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा मात्र ते धास्तावले. मी त्यांना हसत नाही. पुस्तकातल्या मुलीसाठी रडणे सोपे आणि गल्लीतल्या मुलीसाठी दार उघडणे कठीण, हा अनुभव आपणा सर्वांचाच आहे. माझा तर आहेच. तो मी पुढे सांगणार आहे.

कायद्यालाही ज्युलिएटपर्यंत पोचावयास वेळ लागला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाचे वय बारावर नेले, तर त्यावरून सारे पुणे पेटले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविले. म्हणजे आपल्या ज्युलिएटचे लग्न त्या कायद्यानेही पंधरा-वीस दिवसांनी बेकायदाच! पुढे १९७८ मध्ये ते अठरावर गेले.

मुलींनी वयाकडे पाहिले. मुलांचे लक्ष होते भांडणाकडे. “गुर्जी, त्यांचं भांडान कशावरनं हुतं?” हा पहिला प्रश्न. आणि खरोखरच, वाचकहो, सबंध नाटक चाळा, भांडणाचे कारण सापडत नाही. जुने वैर, एवढेच. कारण सर्वजण विसरलेले आहेत आणि वैर मात्र लक्षात आहे. हे ऐकून वर्गात खसखस पिकली, कारण भाऊबंदकी म्हणजे काय हे आमच्या मुलांना समजावून द्यावे लागत नाही.

आमचा हा मुलूख जुन्नरच्या मावळांचा. भीमनेर, घोडनेर, मिन्नेर, भामनेर अशी खोऱ्याखोऱ्यांची नावे. मावळ म्हटले की देशमुखी आली, देशमुखी म्हटली की वतन आले आणि वतन म्हटले की तंटा आलाच. गोतसभा बसावयाच्या, महजर व्हावयाचे. तरी निवाडा झाला नाही तर दिव्य. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा आणि हात बांधून ठेवून तो भाजला की नाही ते पाहावयाचे. वतनाच्या कागदासाठी माणसे हात भाजून घेत, आणि प्रसंगी एकमेकांची मुंडकीही मारीत.

तथापि याच मावळांत वैर मिटल्याच्याही गोष्टी आहेत, आणि त्या मला वेरोनाच्या गोष्टीहून मोठ्या वाटतात. रोहिडखोऱ्यात जेधे आणि खोपडे यांचे वैर प्रसिद्ध होते. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा खंडोजी खोपडे खानाला मिळाला. कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून शिवाजीमहाराजांच्या पायाशी राहिले. खान मारला गेला. खंडोजी रानोमाळ दडत फिरू लागला आणि अखेर त्याने कोणाचा आसरा धरावा? कान्होजींचाच! पिढीजात वैऱ्याच्या प्राणासाठी या म्हाताऱ्याने महाराजांपुढे रदबदली केली, असे सांगतात. महाराजांनी कान्होजींच्या शब्दाखातर जीव राखला, परंतु फितुरीचे शासन म्हणून एक हात आणि एक पाय तोडविला. पुढच्याच वर्षी पन्हाळ्याच्या वाटेवर घोडखिंडीत बांदलांच्या माणसांनी देह ठेवले, तेव्हा दरबारातल्या तलवारीचे पहिले पान बांदलांना देण्याचे ठरले. हा मान जेध्यांचा. जेधे आणि बांदल यांचेही पूर्वी हाडवैर. परंतु जेध्यांनी तो मान सोडला, असे सांगतात.

वेरोनात काय झाले ते पाहा. दोन लेकरे मरून पडल्यावर दोघे बाप हात मिळवितात. माँटेग्यू म्हणतो, मी तुझ्या मुलीचा सोन्याचा पुतळा उभारीन. कॅप्युलेट म्हणतो, मग तुझ्या मुलाचाही तितकाच तोलामोलाचा उभा राहील. सलोख्यातसुद्धा चढाओढ! हे मी सांगितले तेव्हा खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, “मंग आधीच का न्हाई हात मिळीवला?” शेक्सपिअरवर पुस्तकांची कपाटेच्या कपाटे लिहिली गेली आहेत म्हणतात. त्या सगळ्यांचा प्रश्न अखेर हाच नसेल काय?

आमच्या भागातून पूर्वेला उतरले की शिरूर तालुक्यात पाबळ लागते. तेथे मस्तानीची समाधी आहे. पाबळ गाव तिला इनाम होते. ही काही दोन घराण्यांच्या वैराची कथा नव्हे. येथे एकच घर होते आणि त्यानेच दार लावले होते. बुंदेलखंडाहून आलेली मस्तानी बाजीरावांच्या आयुष्यात आली, परंतु पेशव्यांच्या घरात मात्र तिला कधी येता आले नाही. १७३९-४० च्या हिवाळ्यात बाजीराव मोहिमेवर असता पुण्यात तिला नजरकैदेत ठेवण्यात आले. ठेवणारे कोण? पुत्र नानासाहेब आणि बंधू चिमाजीअप्पा. होय, तेच चिमाजीअप्पा, ज्यांनी काही महिन्यांपूर्वी वसई सर केली होती. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. भावावर त्यांचे अलोट प्रेम होते, शत्रूच्या स्त्रियांना त्यांनी सन्मानाने वागविल्याचे सर्वजण सांगतात. घराची अब्रू राखावी एवढाच त्यांचा हेतू. १७४० च्या एप्रिलमध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले. पाठोपाठ मस्तानी गेली. वर्ष सरते न सरते तो डिसेंबरात चिमाजीअप्पाही गेले. अब्रू कोणाची राहिली आणि कोणासाठी? मागे उरले ते मस्तानीचे लेकरू. त्याला पेशव्यांच्या घरानेच वाढविले, आणि तो समशेरबहाद्दर १७६१ साली पानिपतावर त्याच घरासाठी लढून कामी आला. परकी म्हणून जिला उंबऱ्याबाहेर ठेवले, तिच्याच मुलाने उंबऱ्यासाठी रक्त सांडले. भीमाशंकरची घंटा ऐकताना मला हे सारे आठवते.

आता चिठ्ठीचे सांगतो. मुलांना सर्वांत अधिक लागले ते चिठ्ठीचे. ती का पोचली नाही? चिठ्ठी नेणारा साधू वाटेत एका आजाऱ्याच्या समाचाराला जाणाऱ्या सोबत्याला गाठावयास गेला; त्या घरात साथीचा संशय आला आणि पहारेकऱ्यांनी बाहेरून दार बंद केले. शेक्सपिअरच्या लंडनात १५९२ ते १५९४ या काळात प्लेगामुळे नाटकगृहे वारंवार बंद होती. दारे बंद होणे म्हणजे काय, हे त्याला पुरते ठाऊक होते. २०२० सालानंतर ते आमच्या मुलांनाही ठाऊक आहे. आणि आषाढात खांडसकडची शिडीची वाट निसरडी झाली की कोकणातला निरोप वर येत नाही, हे तर आमच्या आज्यापणज्यांनाही ठाऊक होते.

परंतु एका मुलीने विचारले, “गुरुजी, चिठ्ठी कशाला पाहिजे होती? त्या साधूनं सरळ दोघांच्या बापांना का नाही सांगितलं? त्याला तर सगळे मानत होते ना?”

मी उत्तर दिले नाही. घंटा झाली आहे असे म्हणून वर्ग सोडला. घंटा व्हावयास अजून दहा मिनिटे होती.

त्याचे कारण असे. काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी रविवारी संध्याकाळी घरी आली होती. एकोणीस वर्षांची, शहाणी मुलगी. तिचे मन ज्या मुलावर होते तोही माझाच विद्यार्थी. परंतु दोन्ही घरांत बांधावरून आणि जत्रेतल्या पालखीच्या मानावरून बोलणेचालणे बंद. तिला पळून जावयाचे नव्हते. तिचे मागणे एवढेच, की मी तिच्या वडिलांशी एकदा बोलावे. “तात्या तुमचा शब्द मोडणार न्हाईत, गुरुजी,” असे ती म्हणाली. मी म्हणालो, “बघू. तुझी परीक्षा तर होऊ दे.” परीक्षा झाली. मी आज जातो, उद्या जातो करीत राहिलो. गावात राहावयाचे, दोन्ही घरांची मुले वर्गात, कशाला वाईटपणा घ्या! पंधरवड्याने धीर करून गेलो तेव्हा ओसरीवर पाहुणे बसलेले होते आणि सुपारी फुटलेली होती. तात्यांनी मला चहा दिला, पेढा दिला. मी तो खाल्ला.

कोणी विष घेतले नाही, कोणी खंजीर उचलला नाही. ती मुलगी सासरी नांदते आहे. घोडेगावच्या बाजारात भेटली तर वाकून नमस्कार करते, “बरे आहात ना, गुरुजी?” म्हणते. तिने मला बोल लावलेला नाही. पण ती न पोचलेली चिठ्ठी म्हणजे मीच होतो, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

आणि सगळ्याच गोष्टी अशा नमस्कारावर थांबत नाहीत. २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने सबंध महाराष्ट्राला गाण्यावर नाचविले आणि शेवटी असे गप्प केले, की थिएटरातून बाहेर पडताना माणसे बोलेनाशी झाली होती. त्याच साली जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने लग्न करावयाचे ठरविले तर त्यात कुटुंबाची, जमातीची वा पंचायतीची संमती लागत नाही. कायदा झाला, निवाडा झाला. परंतु ओसरीवर जाऊन बसण्याचे काम कायदा करीत नाही. ते कोणा काका-मामाने, कोणा मास्तराने करावे लागते, आणि वेळेवर करावे लागते. शेक्सपिअरने महिन्यांचे चार दिवस केले ते उगीच नव्हे. वैराला पिढ्यान्‌पिढ्या सवड असते. प्रेमाला आणि मदतीला नसते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि त्या मुलीला म्हणालो, “तुझ्या प्रश्नाचे उत्तर काल दिले नाही. साधू भला होता, पण भित्रा होता. त्याने औषधे शोधली, चिठ्ठ्या लिहिल्या. बापासमोर उभे राहणे तेवढे टाळले.” ती थोडा विचार करून म्हणाली, “मग त्याला शिक्षा झाली का?” नाटकात राजा त्याला माफ करतो, असे मी सांगितले. ते तिला पटल्याचे दिसले नाही.

त्या दोन घरांतली धाकटी पोरे यंदा माझ्याच वर्गात आहेत. एक खिडकीजवळ बसतो, दुसरा दाराजवळ. पालखीचा मान अजून कोर्टात आहे. दिवाळीत आमच्याकडे फराळाची ताटे घरोघर फिरतात. त्या दोन घरांच्या मध्ये मात्र गेली कित्येक वर्षे ताट गेलेले नाही. यंदा पाडव्याला दोन्ही ओसऱ्यांवर जाऊन बसावयाचे मी ठरविले आहे. घरातून दोन ताटे मागून घेतली आहेत. ती घेतली जातील की परत येतील, हे मी आज सांगू शकत नाही. पण यंदा ‘बघू’ म्हणावयाचे नाही, एवढे मात्र नक्की.